गाठ तीच, डबा वेगळा

पुलगाव-आर्वी रेल्वे १९१७ साली सुरू झाली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, आणि पुलगावहून पुढे जाणारा मुख्य मार्ग साडेपाच फुटांचा. आर्वीकडच्या कापसाच्या गाठी पुलगावला उतरवायच्या आणि मोठ्या गाडीत चढवायच्या. गाठ तीच, डबा वेगळा.

एका ऑपरेटिंग सिस्टिमचं सॉफ्टवेअर दुसरीवर चालवणं म्हणजे हीच हमाली. १९९३ मध्ये 'वाइन' प्रकल्प सुरू झाला तो विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालावेत म्हणून. वाइन अख्ख्या संगणकाची नक्कल करत नाही. प्रोग्रामनं विंडोजकडे काही मागितलं की ती मागणी लिनक्सला कळेल अशी करून पुढे देते. ऐकायला सोपं, पण १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. २०१८ पासून वाइनवरच बेतलेल्या 'प्रोटॉन'मुळे विंडोजचे गेम लिनक्सवर सर्रास चालू लागले.

आपल्याला मात्र गेमपेक्षा छपाईची काळजी जास्त. तालुक्याच्या गावांतल्या डीटीपीवाल्यांनी लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक पानं लावायच्या पेजमेकरमध्ये लावले, श्रीलिपी नाहीतर आकृतीच्या फाँटांत. या जुन्या फाँटांत मराठी अक्षर फक्त डोळ्यांना दिसे. फाइलच्या पोटात रोमन अक्षरांचेच आकडे. फाँट गेला की मजकुराचा चिवडा. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून होती, पण पेजमेकरला ती कधीच उमगली नाही. त्याची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ची.

हे सगळं ज्या विंडोज एक्सपीवर चालायचं, तिचा हात मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ला सोडला. तरी कित्येक दुकानांत एक जुनं मशीन केवळ मराठी मॅटरसाठी जपलं गेलं. कुणी संगणकातच दुसरा संगणक उभा करणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये अख्खी एक्सपी बसवली, कुणी वाइन करून पाहिली. वाइनमध्ये बहुतेकदा अडे ते 'लॉक'पाशी. प्रत विकतची आहे हे सॉफ्टवेअरला पटावं म्हणून पॅरलल पोर्टला लावायचा हा ठोकळा, आणि नव्या मशीनला तो पोर्टच नाही. सॉफ्टवेअर रीतसर विकत घेणाऱ्यालाच ही अडचण यावी, हा मला सरळ अन्याय वाटतो.

वाइननं आणि व्हर्च्युअलबॉक्सनं आपल्याला बरीच वर्षं मिळवून दिली. ती संपण्याआधी कपाटातल्या सीडी बाहेर काढा. पेजमेकर एखाद्या मशीनवर उघडतंय तोवर प्रत्येक फाइलची पीडीएफ करा, मजकूर युनिकोडमध्ये बदलून प्रूफ वाचून घ्या आणि मूळ फाँट त्याच फोल्डरमध्ये ठेवा.