आधी रस्ता, मग ट्रॅक

चाकांमागचं यंत्र : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण डिस्क आणि कॅलिपर पाहिले. या दोघांच्या मधे असतो तो ब्रेक पॅड, म्हणजे पोलादी पट्टीवर पक्का बसवलेला, सेंटीमीटरभर जाडीचा घर्षणद्रव्याचा थर. रोज ऑफिसला नेतात तीच गाडी वर्षातून दोन-तीनदा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पळवणारे हौशी चालक आता महाराष्ट्रातही आहेत. दोन्हीकडे चालेल असा पॅड कोणता, हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

आधी थोडा हिशेब करू. माणसांसकट १,२०० किलोची हॅचबॅक ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबवायची तर सुमारे १ लाख ६७ हजार ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. तीच गाडी बुद्ध सर्किटच्या लांब सरळ पट्ट्यावरून ताशी १६०च्या वेगानं आली आणि वळणासाठी ६०वर आणली, तर आकडा १० लाखांवर जातो, म्हणजे सहापट. पाय दाबून ब्रेक लावला की हे सगळं साडेतीन-चार सेकंदांत उरकतं. त्या वेळी ब्रेक ढोबळमानानं साडेतीनशे अश्वशक्तीचं काम करत असतात. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयचं इंजिन १०५ अश्वशक्तीचं होतं, हे लक्षात घेतलं की ब्रेकवरचा भार कळतो.

आता घाट घ्या. सहाशे मीटर उंची उतरताना याच गाडीची सुमारे ७० लाख ज्यूल ऊर्जा खर्ची पडते. आकडा ट्रॅकपेक्षा मोठा दिसतो, पण तो पंधरा-वीस मिनिटांवर पसरलेला असतो आणि गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तर त्यातला मोठा वाटा इंजिनच उचलतं. ट्रॅकवर प्रत्येक फेरीत असे जोरदार ब्रेक अनेकदा लागतात आणि मधे थंड व्हायला काही सेकंदच मिळतात. उष्णता साठत जाते. डिस्कचा पृष्ठभाग ५०० अंश सेल्सियसच्या पुढे जाऊ शकतो.

कंपनीचा पॅड या तापमानासाठी बनवलेलाच नसतो. त्यातले तंतू, धातूची पूड आणि ग्राफाइट यांना बहुतेक वेळा फिनॉलिक रेझिननं बांधलेलं असतं. फार तापलं की रेझिनचं विघटन होतं, वायू सुटतात आणि घर्षण कोसळतं. पेडल पायाखाली टणक लागतं, पण गाडी थांबत नाही. यालाच ब्रेक फेड म्हणतात.

मग थेट रेसिंग पॅडच का लावू नये? कारण प्रत्येक पॅडची तापमानाची एक पट्टी असते. निव्वळ शर्यतीसाठी बनवलेले पॅड ६००-७०० अंशांपर्यंत पकड टिकवतात, पण त्यातले बरेचसे दीडशे-दोनशे अंशांच्या खाली नीट धरतच नाहीत. शहरात डिस्क एवढी तापतेच कुठे? पावसाळ्यातल्या सकाळी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडलात आणि समोर शाळेची रिक्षा आडवी आली, की त्या पहिल्याच ब्रेकला हा पॅड उशीर करतो.

दुसरं कारण डिस्कचं आहे. चांगला पॅड त्याच्या योग्य तापमानाला स्वतःचा एक अतिशय पातळ थर डिस्कवर चढवतो, आणि पुढचं बरंचसं घर्षण पॅड व त्या थरामध्ये होतं. रेसिंग पॅड थंडपणी हा थर राखू शकत नाही, उलट तो खरवडून काढतो. डिस्क झपाट्यानं झिजते, रिमवर काळी पूड साचते आणि प्रत्येक सिग्नलला चर्रर्र आवाज येतो तो वेगळाच.

म्हणून दुहेरी वापराचा पॅड निवडताना जाहिरातीतला वरचा आकडा नंतर पाहावा. पहिला प्रश्न खालच्या टोकाचा असावा: हा पॅड थंड असताना कंपनीच्या पॅडइतका धरतो का? ‘हो’ असं उत्तर देणारे पॅडच यादीत ठेवावेत आणि त्यांतून सर्वांत जास्त उष्णता सोसणारा घ्यावा. फास्ट रोड किंवा रस्ता-ट्रॅक अशा नावानं विकले जाणारे पॅड साधारण या वर्गातले असतात.

पॅडच्या कडेवर किंवा मागच्या पट्टीवर बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. पहिलं अक्षर थंडपणीचं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘एफई’ असेल तर तापल्यावर पकड घटते. ‘एफएफ’ असेल तर साधारण तीच राहते. मात्र या चाचणीतलं तापमान साडेतीनशे अंशांपलीकडे जात नाही. त्यामुळे रस्त्यासाठी ही अक्षरं उपयोगी आहेत, ट्रॅकची हमी त्यांत नाही.

वरचं टोक कमी पडलं तर ते इतर मार्गांनी सावरता येतं, आणि त्यात पहिला मान ब्रेक ऑइलचा. ते हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जातं. पेडल टणक असून गाडी थांबत नसेल तर संशय पॅडवर घ्यावा, पेडल मऊ पडलं तर ऑइलवर. कोकणात किंवा मुंबईत गाडी असेल तर ट्रॅकला जाण्याआधी ताजं ऑइल भरून हवा काढून घ्यावी. महागड्या पॅडआधी हा खर्च करावा.

पॅडची जाडीही पाहावी. पातळ झालेला पॅड पिस्टनकडे आणि पर्यायानं ऑइलकडे उष्णता लवकर पोचवतो. निम्म्याहून जास्त झिजलेले पॅड शहरात अजून काही महिने चालतील, ट्रॅकवर नेऊ नयेत.

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना मागे ड्रम असतात, त्यामुळे बदल पुढच्या पॅडपुरताच राहतो. चारही चाकांना डिस्क असतील तर फक्त मागे जास्त पकडीचे पॅड कधीच बसवू नयेत. मागची चाकं आधी लॉक होण्याकडे झुकतात आणि गाडी फिरू शकते.

नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कुणी नाही हे पाहून, उत्पादकानं सांगितलेल्या पद्धतीनं त्यांना डिस्कवर बसू द्यावं. ट्रॅकवर शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता काढावी आणि गाडी उभी केल्यावर पेडल दाबून धरू नये. तापलेला पॅड एका जागी दाबला गेला की तिथे त्याचं द्रव्य चिकटतं, आणि पुढे ब्रेक लावताना जी थरथर जाणवते तिला आपण ‘डिस्क वाकली’ म्हणतो.

वर्षाकाठी दोन-तीन ट्रॅक डे असतील तर एवढं पुरतं. दर महिन्याला जाणार असाल, किंवा गाडी जड आणि ताकदवान असेल, तर एकाच पॅडवर दोन्ही कामं लादू नका. रस्त्याचे आणि ट्रॅकचे असे दोन संच ठेवा आणि ट्रॅकवर पोचल्यावर बदला. पुढच्या पॅडची अदलाबदल सरावलेल्या हाताला तासाभराचं काम आहे. फक्त घरी निघण्याआधी ट्रॅकचे पॅड उतरवायला विसरू नका.

पुढच्या आठवड्यात : ब्रेकनं दिलेला जोर शेवटी जमिनीला पोचवतात ते टायर.