दर्ग्याच्या तळ्यात मगर आहे, मग ती नामशेष कशी?

बांगलादेशातल्या बागेरहाटला हजरत खान जहान अली यांचा दर्गा आहे. प्रसिद्ध साठ गुंबज मशीद बांधणारे हेच ते. दर्ग्यासमोरच्या मोठ्या तळ्यात पूर्वापार मगरी आहेत, जियारतीला येणारे लोक त्यांना कोंबड्या घालतात. पण त्याच देशाच्या २०१५ सालच्या लाल यादीत ही गोड्या पाण्यातली मगर ‘देशातून नामशेष’ म्हणून नोंदलेली आहे. छपाईची चूक? नाही.

लाल यादी मोजते ती नदीत, जंगलात, स्वतःच्या बळावर जगणारे जीव. पाळलेले, सांभाळलेले तिच्या हिशेबात येत नाहीत. दुसरी गोष्ट, ही यादी एका देशापुरती असते. मोर आपल्याकडे शेताच्या बांधावर दिसतो, बांगलादेशात मात्र तो नामशेषांमध्ये आहे. म्हणून ‘नामशेष’ हा शब्द वाचला की कुठून, हे आधी विचारावं.

दर्जा ठरवायला आययूसीएन या जागतिक संस्थेचे ठरलेले निकष आहेत. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत (यातला जो काळ मोठा असेल तो) संख्या साधारण ८० टक्के घटली तर ‘अतिसंकटग्रस्त’, ५० टक्के घटली तर ‘संकटग्रस्त’, ३० टक्के तर ‘असुरक्षित’. घट मोजता आली नाही तरी पिल्लं देऊ शकणारे प्राणी ५० पेक्षा कमी उरले, एवढंही पहिल्या वर्गासाठी पुरतं. शिवाय सीमेपलीकडून तेच प्राणी येत-जात असतील तर देशापुरता धोका थोडा कमी धरता येतो.

बांगलादेशात १,६१९ प्रजाती अशा तपासल्या गेल्या, त्यात मासे, खेकडे-कोळंबी आणि फुलपाखरंही होती. ३१ नामशेष निघाल्या, ३९० धोक्यात. आम्हाला जास्त खटकतो तो आकडा २७८ चा: ‘माहिती अपुरी’. हा शेरा म्हणजे ‘काळजी नको’ असं नव्हे. पुरेसं कुणी पाहिलेलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि ज्याची माहिती नाही त्याच्यासाठी पैसा आणि संरक्षण मागायचं तरी कसं? यादी वाचताना बहुतेक लोक नेमकी हीच ओळ ओलांडून पुढे जातात.

शेरा बदलतोही. चितगावच्या बायजीद बोस्तामी दर्ग्याच्या तळ्यातली काळी मऊ पाठीची कासवं घ्या. २००२ मध्ये जागतिक यादीने ही जात ‘निसर्गातून नामशेष’ ठरवली होती. पुढे आसामात ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात ती मोकळ्या पाण्यात सापडली, तिथल्या मंदिरांच्या तळ्यांतही निघाली. आता तिचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. सापडली म्हणून सुटली असं नाही; पण नामशेष म्हटल्यावरही कुणीतरी नदीत शोधत राहिलं, म्हणून हे कळलं. दर्ग्याच्या तळ्यात तर ती कासवं आजही पायरीपर्यंत येतात, जियारतीला आलेल्यांच्या हातून खातात.