चांगला पब, चांगली खानावळ: ‘चांगली’ कुणासाठी?

मोठ्या शहरात चांगला आयरिश पब शोधायचाय? पाटी बघून फसाल. लाकडी काउंटरसकट अख्खा पब बनवून जगभर पाठवणाऱ्या कंपन्या डब्लिनमध्ये आहेत. तिथे रोज कोण येतं, ते बघा. रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ च्या पुस्तकात घर आणि कामापलीकडच्या अशा ठिकाणाला ‘तिसरी जागा’ म्हटलं. तिचा जीव म्हणजे नेहमीची गिऱ्हाइकं.

आता चंदगडहून मुंबईला या. गिरणगावात कामगारांची ‘तिसरी जागा’ म्हणजे खानावळ. पण खानावळवाल्या बाईचं तेच घर आणि तेच काम! (प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते याच बायकांसाठी.) तेव्हा जेवणाऱ्यांच्याच मुलाखती घेऊन थांबू नका, दुपारी भांडी आटोपली, की तिच्याशीही बोला.