पाककलेच्या प्रमाणपत्राचा जमाखर्च

मागील वर्षी बारावीचा निकाल लागल्यावर आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील एक गुळगुळीत माहितीपुस्तिका घेऊन आमच्याकडे आले. पुस्तिकेवर उंच पांढऱ्या टोपीतील एका तरुणाचे चित्र होते व आत पाककलेच्या एका वर्षाच्या प्रमाणपत्राचे शुल्क तीन लक्ष रुपये छापले होते. मुलास स्वयंपाकाची खरी आवड. गावातील लग्नकार्यात आचाऱ्याच्या हाताखाली तो आपण होऊन उभा राहत असे. वडिलांनी शेताचा एक तुकडा विकण्याचे मनात आणले होते. “मास्तर, पैसा वाया तर जाणार नाही ना?” एवढाच त्यांचा प्रश्न. पुष्कळ पालकांचा तोच प्रश्न असल्याने त्या दिवशी कागदावर मांडलेला हिशेब येथे देत आहो. यातील रकमा समजुतीसाठी धरलेल्या आहेत. प्रत्येकाने आपापल्या रकमा घालून पाहावे.

प्रथम खर्चाची बाजू. पालक शुल्क तेवढे मोजतात. परंतु मुंबईसारख्या शहरातील राहणे, पोशाख, सुऱ्या व जाड तळाचे बूट धरले म्हणजे आणखी एक लक्ष रुपये सहज होतात. शिवाय त्या वर्षात मुलगा घरी राहून दरमहा दहा हजार मिळविता, तर ते एक लक्ष वीस हजारही गेलेच. अशा रीतीने तीन लक्षांचे पाच लक्ष वीस हजार झाले.

शेत न विकता कर्ज काढले तर? तीन लक्ष रुपये दरसाल दहा टक्के व्याजाने घेतले, व शिक्षणाचे एक वर्ष आणि पुढील एक वर्ष हप्ता माफ आहे असे धरू. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. दोन वर्षांचे सरळ व्याज साठ हजार मुद्दलात मिळून तीन लक्ष साठ हजार होतात. ते पाच वर्षांत फेडावयाचे तर दरमहा सुमारे ७,६५० रुपये हप्ता बसतो, आणि शेवटी चार लक्ष एकोणसाठ हजारांच्या आसपास भरावे लागतात.

आता प्राप्तीची बाजू. आणि येथेच बहुतेकांची चूक होते. मुलास पंधरा हजारांची नोकरी लागली की ते सर्व पंधरा हजार प्रमाणपत्राच्या नावे जमा होतात. हे योग्य नव्हे. प्रमाणपत्रावाचून तोच मुलगा मदतनीस म्हणून बारा हजारांवर लागला असता, तर प्रमाणपत्राची कमाई फक्त तीन हजार होय. वर्षाचे छत्तीस हजार. या दराने पाच लक्ष वीस हजार भरून निघण्यास चौदा वर्षांहून अधिक लागतील, आणि कर्जाचे व्याज त्याहून निराळे! तेच शिक्षण सर्व खर्च धरून चाळीस हजारांत झाले, तर बुडालेली कमाई मिळवूनही एक लक्ष साठ हजारच होतात. ते साडेचार वर्षांत वसूल होतात.

तथापि हा फरक तीन हजारांवरच राहील असे नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरातील पायऱ्या ऑगस्त एस्कोफिए या फ्रेंच पाकनिपुणाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लावून दिलेल्या वळणावर आहेत. सर्वांत खाली कॉमी, त्यावर एका विभागाचा शेफ, त्यावर उपमुख्य व अखेर मुख्य शेफ. प्रमाणपत्र घेऊन आलेला मुलगाही प्रायः कॉमीच होतो व कांदे सोलतो. पण मदतनीस ज्या पायरीवर अडकून पडण्याचा संभव असतो, तेथून वर जाण्यास प्रमाणपत्र उपयोगी पडते. ते किती उपयोगी पडते हे संस्थेवर अवलंबून. म्हणून पुस्तिकेतील चित्र न पाहता, चार-पाच वर्षांपूर्वी तेथून बाहेर पडलेल्या तिघा-चौघांस गाठून आज ते कोठे आहेत व काय मिळवितात हे विचारावे. संस्था त्यांचे पत्ते देण्यास कांकूं करील, तर तेही उत्तरच समजावे.

स्वस्त मार्ग नाहीत असे नव्हे. दादर येथील केटरिंग कॉलेज १९५४ साली लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने निघाले; पुढे अशा सरकारी संस्था अनेक ठिकाणी झाल्या, गोव्यात पर्वरी येथेही आहे. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय परिषदेने दहावी उत्तीर्णांसाठी दीड वर्षाचा पाककलेचा अभ्यासक्रम आखला. त्यातील सुमारे सहा महिने प्रत्यक्ष हॉटेलात काढावयाचे असतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतही या विषयाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. याखेरीज १९६१ च्या कायद्याने शिकाऊ उमेदवारी आहे. तीत शुल्क भरण्याऐवजी विद्यावेतन मिळते. २०१९ च्या नियमांनी ते शिक्षणानुसार दरमहा किमान पाच ते नऊ हजार ठरविले होते.

ज्यांस नोकरी न करता स्वतःची खाणावळ घालावयाची आहे, त्यांनी निराळाच विचार करावा. मुंबईच्या गिरणगावातील कामगारांस जेऊ घालणाऱ्या बायांपाशी कोणते प्रमाणपत्र होते? त्यांच्या हातच्या चवीविषयी कोणास शंका नव्हती. त्यांस नडत होते ते भांडवल. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांस बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा सावकाराचा पाश सुटला. अशा माणसाने तीन लक्ष शुल्कात घालावे की भांड्यांत व गाळ्याच्या भाड्यात, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचे मत आम्ही लपवीत नाही: भांड्यांत.

हिशेबात न बसणारीही एक गोष्ट आहे. स्वयंपाकघरात दहा-बारा तास उभे राहावे लागते, सणाच्या दिवशी सुटी नसते, व आचेपाशी डोके शांत ठेवावे लागते. हे सोसवते की नाही, हे तीन लक्ष भरल्यावर कळणे फार महाग पडते.

ते गृहस्थ हे सर्व ऐकून बराच वेळ गप्प होते. मग आमच्याच पेन्सिलीने त्यांनी सर्व बेरजा पुन्हा स्वतः करून पाहिल्या व विचारले, “मग पोराने आता काय करावे?” मुलगा अठरा वर्षांचा होता. तालुक्याच्या एका खाणावळीत पहाटे चारपासून चार महिने काम कर, असे आम्ही त्यास सांगितले. तिसऱ्या आठवड्यात त्याचा हात तेलाने पोळला. आई म्हणाली, पुरे झाले. तो पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी गेला. आज तो सरकारी संस्थेत शिकत आहे, आणि शेताच्या त्या तुकड्यात यंदा ज्वारी आहे.