नॉक सेन्सर बिघडला, म्हणून महाग पेट्रोल?

कसारा घाटाचा चढ, गाडीत पाच माणसं, एसी चालू आणि गिअर चौथा. इंजिनाचे फेरे कमी, भार मात्र पुरेपूर. अशा वेळी बॉनेटखालून बारीक खडखड ऐकू येते. गाडी ‘नॉक’ करते आहे, असं मेकॅनिक म्हणतो ते याला.

ठिणगी पडली की स्पार्क प्लगपासून निघालेली ज्योत सिलिंडरच्या कडेपर्यंत क्रमाक्रमानं पसरायला हवी. पण ती पोचण्याआधीच कडेचं उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप पेटलं, तर दाबाच्या लाटा भिंतींवर आदळू लागतात. साधारण ८० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये त्यांची कंपनं सेकंदाला सहा-सात हजारांच्या घरात जातात. क्वचित, हलकं नॉकिंग इंजिन सोसतं. जोराचं आणि सतत होणारं नॉकिंग पिस्टनचा माथा खातं, रिंगांच्या खाचा तोडतं.

इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टनं घट्ट बसवलेला नॉक सेन्सर हा इंजिनाचा कान. त्याच्या आतल्या पीझोइलेक्ट्रिक चकतीवर कंपनांचा ताण आला की वीजदाब निर्माण होतो. त्यातला नॉकिंगचा आवाज ओळखून इंजिनाचा संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो आणि मग सावकाश मूळ टायमिंगकडे परततो. १९७८ मध्ये अमेरिकेच्या ब्यूइकनं आपल्या टर्बो इंजिनात ही सोय दिली. आज ती साध्या हॅचबॅकमध्येही असते.

हा सेन्सर बंद पडला की चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनरवर बहुधा ‘पी ०३२५’ किंवा त्याच्या आसपासचा कोड दिसतो. ऐकू येत नाही म्हटल्यावर संगणक धोका पत्करत नाही. ठिणगी कायमचीच उशिरा पाडू लागतो. पिकअप जातो, ॲव्हरेज घटतं, एक्झॉस्ट जास्त तापतो.

नेमक्या याच टप्प्यावर अनेक जण पंपावर जाऊन ९५ किंवा १०० ऑक्टेनचं पेट्रोल मागतात. त्यामागची समजूत मला मुळातच चुकीची वाटते. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. १९२०च्या दशकात अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगर यांनी आयसो-ऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला शून्य धरून मोजपट्टी सुचवली. इंधन आपोआप पेटायला किती विरोध करतं, एवढंच ती सांगते. इथेनॉलचा ऑक्टेन अंक शंभराच्या वर आहे, तरी लिटरमागे त्यातली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी असते. यापेक्षा चांगला पुरावा नाही.

संगणकानं टायमिंग आधीच मागे ओढून ठेवलेलं असताना जास्त ऑक्टेनचं पेट्रोल ओतलं, तरी ते पुन्हा पुढे आणायला सेन्सरचा संकेतच नाही. गेलेला पिकअप परत येत नाही, बिल तेवढं वाढतं. मॅन्युअलमध्ये ९१ लिहिलं असेल, तर ९१ भरा. मात्र मॅन्युअलनं ९५ सांगितलेल्या गाडीत, विशेषतः टर्बो इंजिनात, या काळात हलकं पेट्रोल मुळीच नको. आणि दिवा लागो वा न लागो, खडखड कानावर येत असेल, तर गॅरेजपर्यंत पोचेतो एक दर्जा वरचं पेट्रोल भरणं शहाणपणाचं. सेन्सर सैल झाला असेल, तर संगणकाला बिघाड कळतोच असं नाही. तेव्हा इंजिन खरोखर उघड्यावर असतं.

चालवायचीच वेळ आली, तर चढावर खालचा गिअर टाका, ॲक्सिलरेटर जपून दाबा, ओझं कमी ठेवा.

दिवा लागला म्हणजे सेन्सरच गेला, असंही धरून चालू नका. आपल्याकडे उंदीर वायरी कुरतडतात, पावसाळ्यात कनेक्टर गंजतात. नवा सेन्सर बसवताना बोल्ट कंपनीनं सांगितलेल्या टॉर्कलाच आवळला जातो ना, हे उभं राहून पाहा. तो साधारण २० न्यूटन-मीटर असतो. अंदाजानं आवळला, तर नवा सेन्सरही चुकीचं ऐकतो. दुरुस्ती लवकर करा. दिवा लागलेला असताना महाग पेट्रोल भरत महिनोन् महिने गाडी चालवू नका.