वाइनची वाट आणि गिरणाऱ्याचा नाका

नाशिक म्हटले की चळवळीतल्या माणसाला काय आठवते? २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह, त्रिरश्मी लेणी, येवल्याची मुक्तिभूमी आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाड. आपला नाशिकचा नकाशा हा असा आहे. गेल्या पंचवीस वर्षांत याच नाशिकचा दुसरा एक नकाशा तयार झाला आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात त्या या दुसऱ्या नकाशाच्या आधाराने. गंगापूर रोड, सावरगाव, दिंडोरी, इगतपुरीकडचे संजेगाव, निफाडकडचे कुंदेवाडी. आडवाटेची गावे, पण आज तिथे वाइनरी आहेत. धरणाचे पाणी, मागे डोंगर, समोर ओळीने उभ्या वेली. दृश्य खरोखर सुंदर आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या वाटेने ही मंडळी जातात त्याच वाटेवर आपला इतिहास आणि आपल्या माणसांचे आजचे जगणे पडलेले आहे. ते गाडीच्या काचेतून दिसत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

गंगापूर रोडने शहर सोडले की गोवर्धन लागते. त्रिरश्मी लेण्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यात त्याने भिक्खूंच्या चीवरासाठी गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दुसरीकडे १०००. मुद्दल तसेच ठेवायचे आणि व्याजातून वस्त्रे द्यायची. भिक्खूंच्या अन्नासाठी त्याने ४००० कार्षापण मोजून एका ब्राह्मणाकडून शेत विकत घेतले, तेही त्याने कोरून ठेवले आहे. शिलालेखातले गोवर्धन ते हेच, असे अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या गावात सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी कारागिरांच्या संघाकडे राजघराण्याने विश्वासाने पैसा ठेवला, त्या गावाच्या वेशीवर आज चाखण्याची दालने आहेत. आमच्या पोरांना यातले एक ठाऊक असते, दुसरे नसते.

आता या धंद्याचे थोडे. महाराष्ट्रात वाइनचा पहिला मोठा प्रयोग पुणे जिल्ह्यात नारायणगावला १९८०च्या दशकात झाला. नाशिकमध्ये सुलाची वाइन २००० साली बाजारात आली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले, वाइनला दहा वर्षे उत्पादन शुल्कातून सूट दिली आणि नाशिकमध्ये विंचूर व सांगलीत पलूस इथे एमआयडीसीमार्फत वाइन पार्क काढले. शेतकऱ्यांनी शेनिन ब्लां, सोव्हिन्यों, शिराझ, काबर्ने अशा जातींच्या बागा धरल्या. २००८च्या जागतिक मंदीचा आणि त्याच वर्षीच्या मुंबई हल्ल्याचा फटका बसला. वाइनरींनी माल उचलला नाही आणि कित्येकांनी त्या वेली मुळासकट काढून टाकल्या. नारायणगावचा तो मोठा उद्योगही नंतरच्या दोन-तीन वर्षांत बुडाला. उरले ते सावरले. त्यांना सावरायला सरकार होतेच: वाइनवर २० टक्के मूल्यवर्धित कर घ्यायचा आणि त्यातले १६ टक्के कारखानदाराला परत करायचे, अशी योजना आहे. जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ती आणखी पाच वर्षांसाठी चालू ठेवली. सुला तर डिसेंबर २०२२ पासून शेअर बाजारात आहे.

उद्योगाला सवलत द्यायला माझा विरोध नाही. प्रश्न असा की सवलतीची रक्कम द्राक्षाच्या कोणत्या घडापर्यंत पोहोचते आणि कोणत्या हातापर्यंत पोहोचत नाही.

गेल्या फेब्रुवारीत विदर्भातले दोन वकील मित्र कोर्टाच्या कामाने आले होते. त्यांची इच्छा म्हणून मी त्यांच्याबरोबर एका वाइनरीत गेलो. मी पंचशील घेतलेला माणूस, पाचव्या शिलाचा प्रश्नच नव्हता. मला द्राक्षाचा रस मिळाला. मार्गदर्शक पोरगा हुशार होता. पोलादाच्या टाक्या, पांढऱ्या वाइनसाठी रस थंड ठेवून आंबवणे, लालसाठी सालीसकट आंबवणे, ओक लाकडाची पिंपे, सगळे नीट समजावून सांगितले. वाइनचे द्राक्ष लहान, बियांचे, जाड सालीचे असते. खायच्या द्राक्षासारखे ते औषधाच्या पाण्यात बुडवून फुगवावे लागत नाही. छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर गोडी छाटणी. पीक मात्र एकच, जानेवारी ते मार्च. द्राक्ष पहाटेच्या गारव्यात तोडतात, ऊन चढल्यावर मालाचा कस जातो. एवढे सगळे सांगून झाल्यावर मी विचारले, तोडणी कोण करते? तो म्हणाला, “सर, ते लेबर काँट्रॅक्टर बघतात.” टाकीचे तापमान त्याला पाठ होते. तोडणाऱ्यांचे गाव त्याला कोणी सांगितले नव्हते, यात त्याचा दोष नाही. मागच्या अंगणात पर्यटक पैसे भरून, पाय धुऊन, मोठ्या टपात द्राक्षे तुडवत होते. फोटो चालले होते. पैसे देऊन मजुरीची हौस करायची आणि खऱ्या मजुराचे नावही माहीत नाही, असा हा खेळ.

त्यांचे गाव बघायला लांब जावे लागत नाही. त्याच रस्त्याने पुढे गेले की गिरणारे. हंगामात गिरणाऱ्याच्या नाक्यावर भल्या पहाटे मजुरांचा बाजार भरतो. पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबकच्या पाड्यांवरून, थेट जव्हार-मोखाड्यापासून माणसे येतात. कोकणा, महादेव कोळी, वारली. बायका जास्त. हातात भाकरीचे फडके, काखेत लहान मूल. बागायतदाराची पिकअप थांबते, आवाज फुटतो, किती जण पाहिजेत, काय भाव. आठ-नऊ वाजेपर्यंत बाजार उठतो. ज्यांना काम लागले नाही ते तिथेच बसतात किंवा परत जातात. टोळ्या एकरावर काम उक्ते घेतात ते वेगळे. त्यात मुकादमाची उचल असते आणि उचल फिटेपर्यंत भाव बोलायची सोय नसते. छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला रसायनाची पेस्ट लावतात. हे काम बहुतेक वेळा साध्या फडक्याने किंवा उघड्या हाताने होते. हाताची साल निघते हे मी स्वतः पाहिले आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही दवाखान्याच्या कागदावर कामाचा अपघात म्हणून होत नाही.

बाई आणि पुरुष यांच्या मजुरीत नाक्यावर आजही उघड फरक सांगितला जातो. १९७६च्या समान वेतन कायद्याने तो बेकायदा ठरवला. आता तो कायदा वेतन संहिता २०१९ मध्ये विलीन झाला आहे आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पन्नास वर्षांचा जुना अधिकार आहे. नाक्यावर मात्र तो कोणी मागत नाही, कारण मागणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी पिकअपमध्ये घेत नाहीत.

आता कायद्याची दुसरी बाजू. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९, आजचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, हा मूळचा दारू बंद करण्याचा कायदा. फ. न. बलसारा नावाच्या नागरिकाने त्याला आव्हान दिले होते. व्हिस्की, ब्रँडी, बियर, वाइन बाळगण्याचा आपला हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली काही कलमे रद्द केली, पण कायद्याचा बराचसा भाग कायम ठेवला. त्या कायद्याच्या व्याख्येत ‘दारू’ या शब्दात स्पिरिट, ताडी, बियर यांच्याबरोबर वाइनचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. त्यामुळे जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असे जे सांगितले गेले, ते राजकीय भाषण म्हणून ठीक, कायदा म्हणून चूक होते. पुढे त्या निर्णयावर वाद झाला, उपोषणाचे इशारे झाले, जूनमध्ये सरकारच गेले.

याच कायद्याच्या कलम ६५ खाली पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरची बाई मोहाच्या दारूच्या पाच-दहा लिटरसाठी कोर्टात उभी राहते. अशा केसेस मी चालवल्या आहेत. पोलिसांचा पंचनामा, रसायनाचा अहवाल, तारखांवर तारखा, एका तारखेला यायचे तर एक दिवसाची मजुरी बुडाली. एका झाडाच्या फुलापासून केले तर गुन्हा, एका वेलीच्या फळापासून केले तर कर परतावा. फरक रसायनशास्त्रात नाही, परवान्यात आहे. आणि परवाना कोणाच्या आवाक्यात आहे हे आपण सगळे जाणतो. हातभट्टी मोकळी करा असे मी म्हणत नाही. हातभट्टीने उजाडलेली घरे मी आमच्याही वस्त्यांत पाहिली आहेत. पण कायद्याची काठी एकाच्याच पाठीवर का, हे विचारण्याचा अधिकार वकिलाला असलाच पाहिजे.

हा प्रश्न नवा नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत आजच्या कलम ४७ मध्ये दारूबंदी घालण्याची दुरुस्ती आली. महावीर त्यागींनी ती मांडली. कोल्हापूरच्या खर्डेकरांनी दारूबंदीला विरोध केला. जयपाल सिंग यांनी आदिवासींच्या वतीने विरोध केला, तांदळाची पेज-दारू त्यांच्या पूजेत आणि शेतीच्या कष्टात आहे म्हणाले. बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारली, पण हे मार्गदर्शक तत्त्व आहे आणि आदिवासी भागांची वेगळी व्यवस्था संविधानात आहे, अशा अर्थाचे उत्तर दिले. त्याआधी वीसहून अधिक वर्षे, मार्च १९२७ मध्ये, मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी शिक्षणाच्या खर्चावर बोलताना हिशेब मांडला होता: लोकांकडून दारूच्या उत्पन्नातून जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा. बाबासाहेबांचे दारूविषयीचे राजकारण समजायचे तर हा हिशेब आधी वाचावा. आपले काही कार्यकर्ते फक्त शिलाचे बोलतात, हिशेबाचे बोलत नाहीत.

बायकांनी मात्र हिशेब ओळखला आहे. गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येते, ज्याला लोक ‘आडवी बाटली’ म्हणतात. अट कडक आहे: झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर एकूण नोंदलेल्या मतदार बायकांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी बाई त्या दिवशी द्राक्षाच्या तोडणीला गेली तिचे मत आपोआप दुकानदाराच्या पदरात. म्हणून कार्यकर्त्यांना एक सूचना: मतदानाची तारीख हंगामात, फेब्रुवारी-मार्चमध्ये पडू देऊ नका.

दिंडोरीकडच्या रस्त्याने जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. फ्रेंच शॅम्पेन कंपनीचा भारतातला कारखाना या तालुक्यात आहे, हे प्रत्येक पर्यटन पुस्तिका सांगते. याच तालुक्यातल्या आंबे गावी १९०२ साली दादासाहेब गायकवाडांचा जन्म झाला. काळारामच्या सत्याग्रहाची धुरा वाहणारा आणि १९५९ व १९६४-६५ साली भूमिहीनांना घेऊन जमिनीचे सत्याग्रह करणारा, लाखोंना तुरुंगात जायला शिकवणारा माणूस. त्याच्या तालुक्यात आज जमिनीचा भाव धरणाचे पाणी दिसते की नाही यावर ठरतो.

आणि इथेच माझे मुख्य म्हणणे आहे. वाइनरीमागे रिसॉर्ट येते, रिसॉर्टमागे फार्महाऊसचे प्लॉट येतात, आणि मग दलाल महारवाड्याच्या कडेच्या वतनी जमिनीचा सातबारा शोधत येतो. १९५८च्या कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायद्याने परत मिळालेली ही जमीन नव्या शर्तीची, भोगवटादार वर्ग २ आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही. आदिवासींच्या जमिनीला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ चे संरक्षण आहे. पुण्यात मुंढव्याच्या महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्यभर गाजला. तिथे जमीन मोठी होती, म्हणून बातमी झाली. इथे वीस गुंठे, तीस गुंठे असतात. बातमी होत नाही. साठेखत करतात, कुलमुखत्यारपत्र घेतात, पंचवीस-तीस वारसांपैकी चौघांच्या सह्या घेऊन बाकीच्यांना सांगतच नाहीत. मुंबईला नोकरीला गेलेल्या भावाला तारेचे कुंपण पडल्यावर कळते.

येवल्याला १३ ऑक्टोबरला जाणाऱ्या गाड्या निफाड, विंचूर करत जातात. विंचूरचा वाइन पार्क त्याच रस्त्याच्या अंगाला आहे. पुढच्या वेळी जाताना वाटेतल्या आपापल्या गावी अर्धा दिवस थांबा. तलाठ्याकडून किंवा ऑनलाइन सातबारा आणि आठ-अ काढा, ‘इतर अधिकार’ या रकान्यात काय लिहिले आहे ते वाचा, फेरफाराची जुनी नोंद मागवा. वारसनोंद राहिली असेल तर अर्ज तिथेच द्या आणि पोच घ्या. कुलमुखत्यारपत्रावर कोणी सही मागत असेल तर कागद आधी आपल्या वकिलाकडे आणा.