काँक्रीटच्या भिंतीतील कापलेली सळई : गैरसमज आणि वस्तुस्थिती

काँक्रीट दाब सहज सोसते, परंतु ताण सोसण्याची त्याची शक्ती दाबशक्तीच्या साधारण एक दशांश एवढीच असते. म्हणून ताण येणाऱ्या जागी पोलादी सळया घालून जे प्रबलित काँक्रीट तयार होते, त्यालाच व्यवहारात आरसीसी म्हणतात. एसीच्या तांब्याच्या नळ्या किंवा स्वयंपाकघरातील चिमणीचा पाइप बाहेर काढण्यासाठी अशा भिंतीला भोक पाडताना सळई कापली गेली, की एकीकडे ‘एका सळईने काय होते’ अशी बेफिकिरी दिसते आणि दुसरीकडे इमारत खचण्याची धास्ती घेतली जाते. धोका किती, हे मात्र सळई कोणत्या जागची होती यावर ठरते.

गैरसमज : भार कॉलम आणि बीम पेलतात, भिंत हा निव्वळ आडोसा असतो.

वस्तुस्थिती : कॉलम-बीमच्या सांगाड्यात विटा किंवा एएसी ब्लॉक, म्हणजे हलके सच्छिद्र ठोकळे, भरलेले असतील तर हे बहुतांशी खरे आहे. मायव्हान पद्धतीत मात्र ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्र ओतले जात असल्यामुळे भार भिंतच पेलते आणि भूकंपाचा आडवा जोरही तीच पायापर्यंत पोहोचवते. भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिक भूकंपक्षेत्र ३ मध्ये आहे, त्यामुळे येथील अशा भिंतींना भूकंपरोधक रचनेचे भारतीय मानक १३९२० लागू होते.

गैरसमज : सळई लागली की ड्रिल अडतेच, त्यामुळे ती नकळत कापली जात नाही.

वस्तुस्थिती : नाशिक परिसरातील खडी काळ्या बेसाल्टची असते आणि तिच्या मोठ्या तुकड्यावरही हॅमर ड्रिल मंदावते, मात्र खडीवर राखाडी भुकटी येत राहते आणि बिट हळूहळू पुढे सरकतो, तर सळईवर तो जागीच थांबतो, आवाज धातूचा येतो आणि भुकटीत चमकदार कीस दिसू लागतो. कोअर कटिंगचा हिऱ्याच्या कणांचा पोकळ बिट याहून फसवा असतो, कारण तो पाण्याच्या धारेखाली काँक्रीटबरोबर पोलादही कापत जातो आणि बाहेर काढलेल्या गोल गाभ्यात सळईचा चकाकणारा छेद दिसेपर्यंत कारागिराला त्याचा पत्ता लागत नाही.

गैरसमज : सळया इतक्या दाट असतात, की एखादी कापल्याशिवाय मोठे भोक पडूच शकत नाही.

वस्तुस्थिती : मानक १३९२० नुसार अशा भिंतीत प्रत्येक दिशेला काँक्रीटच्या छेदाच्या किमान ०.२५ टक्के पोलाद लागते. १६० मिलिमीटर जाडीच्या भिंतीत ८ मिलिमीटर सळयांच्या दोन जाळ्या घातल्या, तर या किमान प्रमाणात दोन सळयांमधील अंतर सुमारे २५० मिलिमीटर येते. म्हणजे ७५ मिलिमीटरचे भोक मधल्या जागेत सहज बसते. प्रत्यक्षात सळया याहून जवळ असू शकतात, म्हणून कव्हर मीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातील बदलावरून सळईचा माग काढणारे उपकरण, फिरवून जाळीची रेषा खडूने आखावी आणि त्यानंतरच भोकाचा मध्य ठरवावा.

गैरसमज : उष्णतारोधक भिंतीत बिट मऊ थरात शिरला, की सळयांचा धोका संपतो.

वस्तुस्थिती : सँडविच प्रकारच्या भिंतीत काँक्रीटच्या दोन थरांमध्ये थर्माकोलसारखा फोम असतो, दोन्ही थरांत स्वतंत्र जाळी असू शकते आणि त्यांना बांधणारे जोड फोममधून आरपार जातात, हे जोड कापले गेल्यास बाहेरच्या थराचा आधार कमी होतो. कव्हर मीटरला फोमचा अडथळा होत नाही, पण त्याच्या जाडीमुळे पलीकडची सळई उपकरणाच्या टप्प्याबाहेर जाते, म्हणून अशी भिंत दोन्ही बाजूंनी तपासावी लागते.

गैरसमज : कापलेली सळई पूर्ण निकामी होते, किंवा वेल्डिंग करून सिमेंट भरले की ती पूर्ववत होते.

वस्तुस्थिती : सळई काँक्रीटच्या पकडीतून ताण घेते. एम २५ काँक्रीटमध्ये १० मिलिमीटरच्या फे ५०० सळईला पूर्ण ताण घेण्यासाठी मानक ४५६ च्या सूत्रानुसार सुमारे ४८ सेंटिमीटर लांबी लागते. कापल्या जागेपासून तेवढ्या अंतरापलीकडे ती पुन्हा पूर्ण क्षमतेने काम करू शकते. म्हणूनच भिंतीच्या मधल्या भागात एखादी सळई गेल्यास तिचा वाटा शेजारच्या सळया बहुधा उचलतात. परंतु कॉलम, भिंतीची टोके, बीमचा मध्याजवळचा तळ आणि बाल्कनीच्या मुळाशी स्लॅबचा वरचा थर येथे एकाच सळईचे मोल फार असते. पूर्वताणित स्लॅबमधील ताणलेली केबल कापली जाणे तर त्याहून गंभीर, कारण तिच्यात साठलेला जोर एकदम मोकळा होऊ शकतो. वेल्डिंगच्या उष्णतेने टीएमटी सळईच्या बाहेरच्या कठीण थराचे गुणधर्म बदलू शकतात, आणि नुसते सिमेंट भरल्याने तुटलेला ताणमार्ग जुळत नाही. भोक उघडे राहिल्यास पावसाचे पाणी आत मुरते, सळई गंजते, आणि गंज मूळ पोलादापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्याने भोवतालचे काँक्रीट फुटते.

सळई लागताच काम थांबवावे, भोकाची जागा आणि खोली टिपून छायाचित्र काढावे आणि इमारतीचा आरसीसी नकाशा घेऊन संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यावा. भोक सोडून द्यायचे असल्यास ते त्याने सांगितलेल्या आकुंचनरहित ग्राउटने भरावे. गृहनिर्माण संस्थांनी तो नकाशा कार्यालयात ठेवून प्रत्येक मोठ्या भोकाची नोंद केली पाहिजे, कारण एका घरातील कापलेली सळई सुसह्य असली, तरी प्रत्येक मजल्यावर एकाच रेषेत तीच सळई कापली गेल्यास भार वाहणारी भिंत खालपासून वरपर्यंत दुबळी होते, आणि ही बेरीज एकट्या घरमालकाला कधीच दिसत नाही.